नाबितवर घिरट्या

रोफिनाला मूलबाळ झालं नाही. आयुष्यात तिनं नाव ठेवलं ते एकाच गोष्टीचं, आभाळातल्या एका रिकाम्या जागेचं, आणि तेही सूड म्हणून. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक असतो. रोफिनानं तोही शिल्लक ठेवला नाही.

गोलो रेंदाच्या विमानतळावर एक बुटका मनोरा आहे. वर काचेची खोली, खोलीत एक रेडिओ, रेडिओसमोर रोफिना. येणाऱ्या विमानाला वारा कुठून आहे, ढग किती खाली आलेत, धावपट्टी मोकळी आहे की नाही, एवढं सांगायचं हे तिचं काम. आवाज इतका गोड की वैमानिकांना वाटायचं, बाई स्वभावानंही तशीच असणार. प्रत्यक्षात ही बाई डूख धरण्यात सापाला शिकवील अशी. लग्नातल्या झग्याची बाही आखूड शिवणारा शिंपी पुढं म्हातारा झाला, आंधळा झाला, तरी रस्त्यात भेटला की रोफिना पलीकडच्या कडेनं जायची. आंधळ्याला काय दिसणार, असं कुणी म्हटलं की म्हणायची, "त्याला नसेल दिसत. मला दिसतं ना."

पण शिंपी हा किरकोळ मामला. तिचा खरा डूख होता कानिसवर.

तो समजायला आधी रोफिनाचा बाप लामुत समजायला हवा. लामुत धावपट्टीवर जनावरं हाकायचा. विमान यायच्या वेळेला गावच्या म्हशी, कुत्री, गरम डांबरावर कॉफीच्या बिया वाळत घालून बसलेल्या बायका, या सगळ्यांना हातातली बांबूची काठी आपटत बाजूला करायचं. धावपट्टीवर कुठं शेपूट हललेलं दिसलं की गाव ओरडायचं, "लामुत! लामुत!" आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव असं नुसतं घेत नाहीत. पुढं 'क्रेंग' लावायचं, निदान 'एमा', म्हणजे बाबा, म्हणायचं. नुसतं नाव घ्यायचं ते शिवी म्हणून. शाळेतली पोरं भांडताना एकमेकांना घाण बोलत नाहीत, एकमेकांच्या बापाचं नुसतं नाव घेतात, आणि त्यावरून नाकं फुटतात. लामुतचं नाव मात्र अख्खं गाव नुसतं घ्यायचं, जसं कुत्र्याला हाड म्हणावं तसं.

रोफिनाच्या वर्गात होता कानिस. माडी काढणाऱ्या नाबितचा मुलगा. रोफिना फळ्याकडे निघाली की मागून हळूच, "लामुत, म्हैस आली गं!" वर्ग हसायचा. रोफिनाला उलटून 'नाबित' म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. कारण नाबित माडी आटवून गूळ करायचा, आणि ही पोरगी वाटेत दिसली की न बोलता तिच्या तळहातावर एक खडा ठेवायचा. गुळानं तोंड बंद होतं म्हणतात ते हे.

पुढं कानिस शिकला आणि विमानतळावरच रेडिओवर बसला. आणि एका दुपारी विमान उतरत असताना लामुत धावपट्टीवर होता. शेवटची म्हैस त्यानं गवतात ढकलली होती, पण तो स्वतः अजून डांबरावर होता. विमानाच्या पंख्यानं त्याला जागेवर संपवलं.

कानिसनं वैमानिकाला सांगितलं होतं, धावपट्टी मोकळी आहे. चौकशीला माणसं आली तेव्हा तो म्हणाला, मोकळीच होती, म्हातारा दारू पिऊन मधेच आला. गवतात माडीची बांबूची नळीही सापडली. तोंडाभोवती डागणीचं वर्तुळ असलेली नळी नाबितच्या घरची, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. लोक म्हणाले, बघा, नाबितकडेच ढोसत असणार. नाबितला विचारलं, तर तो जमिनीकडे बघत राहिला. हो नाही, की नाही नाही.

लामुत माडीला शिवत नव्हता. त्याला होतं ते दुसरंच. वर्षानुवर्षं पंख्यांच्या आवाजात काढल्यामुळे त्याचे कान गेले होते. नोकरी जाईल म्हणून हे घरानं बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. माणूस गेल्यावर ते सांगून उपयोग काय होता? मयताला आलेले लोक 'माडीनं नेलं बिचाऱ्याला' म्हणत, आमच्याच घरची कॉफी पीत बसले, असं रोफिना सांगायची, आणि सांगताना तिच्या गळ्याची शीर उभी राहायची. पाद्रीबाबांनी प्रवचनात दारूचे दुष्परिणाम सांगितले. बाप शवपेटीत, आणि वर हे ऐकायचं.

दुसरी एखादी त्या विमानतळाकडे थुंकलीही नसती. रोफिना तिथंच नोकरीला लागली. आधी झाडू मारला, मग परीक्षा दिल्या, मग रेडिओवर बसली. तोवर कानिस विमानतळाचा मुख्य झाला होता. ती रोज त्याला अदबीनं "पाक कानिस, सुप्रभात" म्हणायची. घरी आली की म्हणायची, "अजून जिवंत आहे."

आता आभाळातल्या जागेचं.

गोलो रेंदा म्हणजे डोंगरांच्या वाडग्यात खाली बसलेलं गाव. वाडग्याला एकच खिंड. पूर्वी वैमानिक चर्चचं लाल छप्पर बघून खिंडीतून आत शिरायचे, आणि छप्पर दिसलं नाही की परत जायचे. दुपारचं विमान तर आठवड्यातून निम्म्या वेळा परतच जायचं. मग जकार्ताहून माणसं आली. आता डोळ्यांवर नाही, यंत्रावर भरवसा ठेवून उतरायची वाट आखायची होती. डोंगर कुठं किती उंच, झाडं किती वाढतात, सगळं मोजून त्यांनी आभाळात न दिसणाऱ्या पायऱ्या बसवल्या. या ठिकाणी एवढ्या उंचीवर या, मग तिथं तेवढ्या, मग आणखी खाली. आणि एक हद्द. त्या हद्दीपर्यंत येऊन धावपट्टी दिसली तर उतरा. नाही दिसली तर एक बोटभरही खाली यायचं नाही, नाक वर करायचं, चढायचं, आणि सगळ्या डोंगरांच्या वर एका ठरलेल्या जागी जाऊन घिरट्या घालत थांबायचं.

या प्रत्येक ठिकाणाला नाव लागतं. पाच रोमन अक्षरं, कुठल्याही देशाच्या वैमानिकाच्या जिभेवर बसतील अशी. पुढं काही नाही, मागं काही नाही. पाक नाही, एमा नाही, क्रेंग नाही.

जकार्ताच्या इबू लास्मिनी म्हणजे हसतमुख बाई. म्हणाल्या, "बाकीची नावं यंत्रानं काढलीत, कशाला काही अर्थ नाही. एक तुमच्या गावाकडून घेऊ या म्हटलं. ती थांबायची जागा आहे ना, तिचं. सुचवा काहीतरी इथलं."

रोफिना म्हणाली, "म्हणजे विमानाला उतरायला जमलं नाही, की ते जिथं जाणार, ती जागा?"

"तीच."

"आणि वैमानिक ते नाव घेणार? मोठ्यानं? रेडिओवर?"

"घ्यावंच लागेल. प्रत्येक वेळी."

रोफिना गोड हसली. "नाबित," ती म्हणाली.

"छान आहे. अर्थ काय?"

"आमच्या जुन्या भाषेत," रोफिना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डोंगरावर नुसताच बसून राहिलेला ढग."

इबू लास्मिनींना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

कानिस त्या महिन्यात प्रशिक्षणाला बाहेर होता. तो आला तेव्हा नकाशे छापून जगभर गेले होते. पहिल्याच ढगाळ दुपारी वैमानिकाचा आवाज आला, "धावपट्टी दिसत नाही. वर चाललो. नाबितला जातो." रोफिना गोड आवाजात म्हणाली, "समजलं. नाबित." आणि तिनं तोंडात सुपारी टाकली.

विमानतळाच्या फाटकाशी तान्ता मिलीची, म्हणजे मिलीमावशीची, कॉफीची टपरी. दुचाकीवरून उतारू नेणारी माणसं तिथं बसून असतात, आणि विमान खरंच येतंय का हे कळावं म्हणून मिलीनं जुना रेडिओ लावलेला. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा तिच्या हातून किटली हिंदकळली.

"अगं बाई! नुसतं नाबित? काय म्हणाला तो? नाबितला जातो?"

"विमान चुकलं की नाबितला जातं म्हणे," एक जण म्हणाला.

"मग माझा नवरा रोजच जातो की नाबितला," मिली म्हणाली, आणि टपरी लोळली.

महिनाभरात गावाच्या तोंडी ते बसलं. परीक्षेत पोर नापास झालं, 'गेलं नाबितला'. लग्न मोडलं, 'नाबितला गेलं'. चुलीवरचा भात करपला तरी नाबित. लहान पोरं वर विमानाचा आवाज ऐकला की नाचायची, "नाबित, नाबित, खाली येईना!" कानिस पुढच्या वर्षी बुपातीच्या निवडणुकीला उभा राहणार होता, अख्ख्या जिल्ह्याचा प्रमुख व्हायचं होतं त्याला. सभेत तो बोलायला उठला की मागून कुणीतरी विमानासारखं घूं घूं करायचं.

एका संध्याकाळी तो रोफिनाच्या दारात आला. हातात पाय बांधलेला कोंबडा. ओसरीवर रोफिनाची म्हातारी आई मका सोलत होती. तिनं वर बघितलं नाही.

"एनु," कानिस लाडानं म्हणाला, "झालं ते झालं. शाळेतलं पोरपण ते. जखमेवर हळद म्हणून हा कोंबडा घे, आणि जकार्ताला कळव, की नाव चुकून गेलं. बदला म्हणावं."

"शाळेतलं?" रोफिना म्हणाली. "शाळेतलं मी कधीच सोडलं, पाक. मला माझ्या एमाचं हवंय."

"त्यात काय आता..."

"धावपट्टीवर उभं राहा. गाव बोलव. सगळ्यांसमोर म्हण, क्रेंग लामुत प्यायलेले नव्हते. हळद चारचौघांत लावायची असते, संध्याकाळी चोरून नाही."

"निवडणूक आहे गं माझी!"

"मग घिरट्या घाल."

तो कोंबडा घेऊन परत गेला. रोफिना खूष होऊन आत वळली, तर आई म्हणाली, "ए पोरी. ते नाव पाच अक्षरांचं लागतं म्हणालीस?"

"हो, एन्दे. रोमन पाच."

म्हातारी सोललेल्या कणसांवर बोटं मोजत बसली. तिला लिहायला येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव तिनं पगाराच्या पावतीवर बघून पाठ केलेलं होतं. "लामुत पण पाचच अक्षरं होतात की गं."

रोफिना ओसरीवरची सालं गोळा करू लागली.

"आभाळात एक नाव द्यायला मिळालं तुला. सगळ्या जगानं घ्यायचं. आणि तू त्यांच्या घरचं दिलंस?"

"एमाचं नाव काय विमान चुकल्यावर घेऊ देऊ, एन्दे? जन्मभर म्हशींसाठी घेतलं तेवढं पुरे नाही झालं?" रोफिना तावातावानं म्हणाली. पण त्या रात्री तिनं भाताचं ताट तसंच सरकवून ठेवलं.

आणि मग फासे उलटले. गावातली पोरं समूहगायनाच्या स्पर्धेहून येत होती, आणि खिंडीत ढगानं बूच मारलं. विमान हद्दीपर्यंत आलं, वर गेलं, नाबितवर फिरत राहिलं. खाली आया छाती पिटत होत्या. ढग फाटला, विमान सुखरूप उतरलं. वैमानिक टपरीवर कॉफी पीत म्हणाला, "पूर्वीसारखं खिंडीत शिरलो असतो तर डोंगरावर गेलो असतो. नाबित होतं म्हणून वाचलो." झालं. रविवारी पाद्रीबाबाही प्रवचनात म्हणाले, की वाट दिसत नसेल तेव्हा उंच जाऊन थांबावं, नाबितवर थांबतात तसं.

कानिसला आयतं कोलीत मिळालं. आठवड्याभरात गावभर फलक लागले: 'वाट हरवली? नाबितकडे या!' वर त्याचा हसरा चेहरा. सभांत तो सांगू लागला, की जगातले वैमानिक माझ्या बापाचं नाव घेतात, तेव्हा कुठं त्यांचा जीव वाचतो. लोक टाळ्या वाजवायचे. ज्या तोंडांनी हसले, त्याच तोंडांनी. रोफिनाला रोज रेडिओवर ते नाव घ्यावं लागायचं, आणि आता ते जिभेला निखाऱ्यासारखं लागायचं. करायला गेले गणपती आणि झालं माकड, त्यातली गत. वर ते माकड आता सिंहासनावर चढणार होतं. कारण नवी इमारत बांधून झाली होती आणि सरकारात ठरलं होतं, की विमानतळालाही नाबितचंच नाव द्यायचं.

उद्घाटनाला गव्हर्नरसाहेब विमानानं येणार होते. मांडव पडला. ढोल-घंटांचं पथक आलं. बळीसाठी आणलेला काळाभोर रेडा मांडवामागं खुंटाला बांधला. पहिल्या रांगेतल्या मोठ्या खुर्चीत, नवं हातमागाचं सोंगके नेसवून, डोक्याला पट्टी बांधून, म्हाताऱ्या नाबितला आणून बसवलं होतं. कानिसनं आणखी एक केलं. मनोऱ्याचा रेडिओ मांडवातल्या कर्ण्यांना जोडून घेतला. गव्हर्नरसाहेबांच्या वैमानिकानं 'नाबित' म्हटलेलं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

विमान आलं तेव्हा खिंड धुरकट होती. रोफिनानं जे दिसत होतं तेच सांगितलं. विमान पायरी पायरीनं खाली आलं, आणि मग कर्ण्यांतून आवाज घुमला, "धावपट्टी दिसत नाही. वर चाललो. नाबितला जातो." मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोल-घंटा पिसाटल्यासारख्या वाजू लागल्या. त्या आवाजानं रेडा बुजला, त्यानं खुंट उपटला आणि दोर फरफटत सरळ धावपट्टीवर जाऊन उभा राहिला.

आणि नेमका त्याच वेळी ढग फाटला. खिंड स्वच्छ झाली.

कानिस धापा टाकत मनोऱ्याच्या पायऱ्या चढून आला. "बोलव त्यांना खाली! बघतेस काय? ढग परत मिटला तर गव्हर्नरसाहेब निघून जातील."

"धावपट्टीवर रेडा आहे, पाक."

"सांग मोकळी आहे म्हणून! ते येईपर्यंत हटेल तो."

रोफिनाचा हात माइकवर होता. बोलायचं असलं की त्याची कळ दाबून धरायची. तिनं ती अंगठ्यानं दाबली आणि दाबूनच धरली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात.

"काय म्हणालात? येईपर्यंत हटेल?"

"हो, हटेल! जनावर आहे, विमानाचा आवाज ऐकून पळेल."

"त्या दिवशीही हेच म्हणाला होतास? माझा एमा धावपट्टीवर होता तेव्हा?"

"आता हा काय विषय..."

"म्हणाला होतास की नाही?"

"म्हणालो होतो!" कानिस ओरडला. "वैमानिकाला घाई होती, मला घाई होती, म्हटलं येईपर्यंत हटतील. आणि म्हैस हटलीच की! तुझा बापच हळू चालत होता!"

"प्यायलेला होता म्हणून?"

"पाणीसुद्धा प्यायलेला नव्हता तो! त्याला ऐकू येत नव्हतं, मला काय माहीत नव्हतं होय? मागून हाक मारली तर वळून बघायचा नाही म्हातारा. नोकरी माझी गेली असती, रोफी! नळी टाकली गवतात, झालं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? आता सांग त्यांना, मोकळी आहे!"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्याचे शेवटचे शब्द खालून परत ऐकू येताहेत. मोकळी आहे, मोकळी आहे. ढोल थांबले होते, घंटा थांबल्या होत्या. अख्खा मांडव मनोऱ्याकडे तोंड वर करून बघत होता. कानिसनं आधी कर्ण्यांकडे बघितलं, मग रोफिनाच्या अंगठ्याकडे.

रोफिनानं कळ सोडली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं, उन्हातून येऊन पाय पाण्यात सोडावेत तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याचं नुसतं नाव घेतलं. "कानिस," ती म्हणाली, "खाली उतर. लोक वाट बघताहेत."

तो उतरला नाही. खिडकीशी उभा राहून बाहेर बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग बघून रोफिनानंही बाहेर बघितलं.

पहिल्या रांगेतल्या मोठ्या खुर्चीतून म्हातारा नाबित उठला होता. कुणीतरी त्याला धरायला गेलं, त्याचा हात त्यानं झटकला. मांडवाच्या कनातीचा एक बांबू ओढून काढला. नवं सोंगके गुडघ्यापर्यंत वर खोचलं, चपला काढल्या, आणि एकटाच धावपट्टीवर चालू लागला. कुणी ओरडलं नाही. त्याची बांबू आपटत जाणारी ठक ठक वरपर्यंत ऐकू येत होती. लामुत आपटायचा तशीच.

"एमा!" कानिस काचेवर हात मारत किंचाळला. "एमा, मागं फिर!"

"त्यांना ऐकू येतं," रोफिना म्हणाली. "ते फिरणार नाहीत."

तिला सगळं आताच कळलं होतं. नळी आपल्याच घरची, हे म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लामुत आपल्याकडे कधीच प्यायला आला नाही, हेही. पोटचा पोर म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला होता. तिच्या तळहाताला उगाचच चिकट लागलं. या माणसाचं नाव तिनं टपरीवरच्या थट्टेला दिलं होतं. डूख योग्य होता, पण दंश भलत्याला झाला होता, आणि ज्याला झाला तो आता तिच्या बापाच्या कामावर निघाला होता.

कानिस पायऱ्यांवरून धडपडत खाली गेला. मांडवाच्या कडेपर्यंत पोहोचला आणि तिथंच अडखळला. लोकांनी त्याला अडवलं नाही, वाटही दिली नाही. सगळे त्याच्याकडे पाठ करून धावपट्टीकडे बघत होते.

रेड्यासमोर उभा राहून म्हाताऱ्यानं बांबू उचलला. रेडा हलेना.

रेडिओ खरखरला. "गोलो रेंदा, खिंड आता साफ दिसतेय. धावपट्टी मोकळी आहे का?"

रोफिनानं कळ दाबली. तिचा गोड आवाज जरा घोगरा आला. "मोकळी नाही. धावपट्टीवर एक रेडा आहे. आणि त्याला हाकायला क्रेंग नाबित आहेत."

मग वैमानिक हसला. "गोलो रेंदा, नाबितवर तर आम्ही आहोत."

"तुम्ही आहात तो नुसता नाबित," रोफिना म्हणाली. "खाली आहेत ते क्रेंग नाबित. ते बाजूला होईपर्यंत तिथंच थांबा. घाई करू नका. ते हळू चालतात."